नॉनस्टिक कढई आहे ना घरात? मग आधी गॅस बारीक करा

आज रात्रीचा स्वयंपाक सुरू करण्याआधी एक काम करा. घरातली नॉनस्टिक कढई बाहेर काढा, खिडकीशी न्या आणि उजेडात तिरकी धरून आत बघा. मधोमध, जिथे रोज कालथा फिरतो तिथे, पांढुरके ओरखडे दिसतात का? कानाच्या रिव्हेटपाशी काळा थर पापुद्र्यासारखा सुटलाय का? नखाने निघतोय का? तळ करडा आणि खडबडीत झालाय का? यांतल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर ती कढई आज शेगडीवर चढवू नका. उद्याही नको. आजची भाजी दुसऱ्या भांड्यात टाका आणि ती शिजेस्तोवर हे वाचा.

तुम्हाला घाबरवायला हे लिहिलेलं नाही. घाबरवणारे निरोप मोबाइलवर रोज येतात आणि त्यांतले निम्मे धड खरेही नसतात. म्हणून आधी खरं काय ते बघू.

कढईतला तो काळा गुळगुळीत थर म्हणजे बहुतेक वेळा टेफ्लॉन. पीटीएफई हे त्याचं रसायनशास्त्रातलं नाव. १९३८ साली अमेरिकेत ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांच्या हाती ते अपघातानेच लागलं. पुढे फ्रान्समध्ये मार्क ग्रेगोआर नावाचा माणूस मासेमारीच्या सामानाला ते लावून बघत होता. बायको म्हणाली, त्यापेक्षा माझ्या भांड्यांना लाव. १९५६ मध्ये त्यातून टेफाल कंपनी उभी राहिली. (बायकोचं वेळेवर ऐकलं की काय होतं, त्याचा हा एक नमुना.) हा थर तसा गरीब स्वभावाचा आहे. भाजीबरोबर त्याचा बारीकसा कण पोटात गेला तरी तो पचत नाही, अंगी लागत नाही, गेला तसा बाहेर पडतो. तेवढ्यासाठी रात्रीची झोप घालवू नका.

भीती आहे ती आचेची.

साधारण २६० अंश सेल्सिअसपर्यंत हा थर शांत असतो. त्याच्या वर गेला की तो मोडू लागतो, आणि ३५० च्या पुढे झपाट्याने मोडतो. त्यातून निघणारे वायू दिसत नाहीत, करपल्याचा वासही दर वेळी येतो असं नाही. ते श्वासातून गेले की काही तासांनी अंगात कणकण येते, थंडी वाजते, छाती आवळल्यासारखी होते, कोरडा खोकला येतो. फ्लू झाला म्हणून माणूस क्रोसिन घेतो आणि झोपतो. बहुधा एक-दोन दिवसांत उतरतंही. पण घरात दम्याचा पेशंट असेल, तान्हं मूल असेल, तर 'बहुधा' या शब्दावर किती भार टाकायचा ते तुम्हीच ठरवा. आणि पाळलेले लव्हबर्ड किंवा बजरीगर असतील, तर पिंजरा स्वयंपाकघरातून आजच हलवा. पाखरांची फुप्फुसं फार नाजूक असतात. तापलेल्या नॉनस्टिक भांड्याच्या वाफेने पिंजऱ्यातली पाखरं पटापट मरतात, हे पक्ष्यांच्या डॉक्टरांना कित्येक वर्षांपासून माहीत आहे.

तुम्ही म्हणाल, आमची कढई कशाला जाईल २६० वर? जाते हो. अगदी सहज जाते.

सकाळी साडेसातची वेळ आठवा. एका शेगडीवर कुकर, दुसरीवर कढई. गॅस मोठा, कारण आठ वाजता मुलाची स्कूलबस. कढई तापत ठेवली आणि तेलाची बुधली उघडली तर तळाशी थेंबभर तेल. मोठा डबा वरच्या फळीवर. स्टूल आणेपर्यंत बेल वाजली, दूधवाला. सुट्टे नाहीत. आतून आजोबांनी चष्मा कुठे ठेवला म्हणून विचारलं. तोवर रिकामी कढई मोठ्या आचेवर तशीच आहे. पातळ ॲल्युमिनियमची असेल तर दोन-चार मिनिटांत ती त्या मर्यादेच्या पार गेलेली असते. इंडक्शनवर तर आणखी लवकर. मग आपण परत येतो, तेल ओततो, ते ओतताक्षणी धुरावतं, आणि आपण म्हणतो, 'अगं बाई, जरा जास्तच तापली.' कुणाचाही निष्काळजीपणा नाही. घर असंच चालतं. म्हणूनच सवय बदलायला हवी.

ऐका. नॉनस्टिक भांडं कधीही, कधीच, रिकामं आचेवर ठेवू नका. आधी तेल घाला, मग गॅस पेटवा. आच मध्यम ठेवा. मोहरीला मोठी आच लागत नाही. एक दाणा टाकून बघा, तो तडतडला की बाकीची टाका. आणि तेलावर नजर ठेवा, कारण तेल हा घरातला फुकटचा थर्मामीटर आहे. रिफाइंड शेंगदाणा तेल साधारण २३० अंशांना धुरावतं, घाण्याचं त्याच्या बरंच आधी. म्हणजे थर बिघडण्याआधी तेल तुम्हाला हाक मारतं. धूर दिसला की 'होऊ दे' म्हणू नका. गॅस बंद करा, एक्झॉस्ट लावा, कढई निवू द्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत तर नॉनस्टिक भांडी १७० अंशांच्या वर नेऊ नका, असाच इशारा दिला आहे. १७० की २६०, यावर जेवणाच्या टेबलावर वाद घालत बसू नका. आपल्या ओट्यावर तापमान मोजायचं यंत्र नाही. दोन्ही आकड्यांचा घरातला अर्थ एकच: बारीक ते मध्यम गॅस, आणि रिकामी कढई नाही.

आपल्याला हे नवं वाटायचं खरं तर कारण नाही. पितळेच्या पातेल्याला कल्हई असायची. कथील २३२ अंशांना वितळतं. म्हणून कल्हईचं पातेलं रिकामं चुलीवर ठेवलं तर आजी ओरडायची. कल्हई गेली की त्या पातेल्यात ताक, आमटी, चिंचेचं काही करायचं नाही, कळकतं, हे तिला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. ती पातेलं बाजूला ठेवायची आणि कल्हईवाल्याची वाट बघायची. फरक एवढाच की टेफ्लॉनला कल्हईवाला नाही. थर गेला म्हणजे गेला. खाली उघडं ॲल्युमिनियम राहतं, आणि टोमॅटो, चिंच, कोकम असं आंबट त्यात शिजलं की ते थोडं थोडं अन्नात उतरतं. तेव्हा थर उडालेली कढई 'अजून चालते की' म्हणून ओढत नेऊ नका.

तो थर उडतो कशाने? बघा आपल्याच हातांकडे. स्टीलचा कालथा. झारा कढईच्या काठावर ठोकून तेल झटकणं. शिऱ्याची खरवड चमच्याने काढणं, कारण ती खाण्यात खरी मजा. भाजी काढून झाली की तापलेली कढई तशीच नळाखाली धरणं आणि ते 'चर्र' ऐकणं. त्याने तळ वाकतो आणि थर तडकतो. मग तारेची घासणी. मग एकात एक पाच भांडी कोंबून कपाटात. एवढं सगळं सोसून ती दोन वर्षं टिकली तर कंपनीला धन्यवादाचं पत्र पाठवायला हवं.

लाकडी किंवा सिलिकॉनचं उलथणं घ्या. शंभर-दीडशे रुपयांत येतं. धुण्याआधी कढई निवू द्या. मऊ स्पंज वापरा. रचून ठेवताना मध्ये जुन्या सुती साडीचा तुकडा घाला. धुण्याभांड्याला मावशी येत असतील तर कढई घासायला टाकताना त्यांच्या हातात स्पंज द्या, कारण सांगा. सांगितलं नाही आणि तारेची घासणी फिरली, तर चूक त्यांची नाही.

आता खरेदीचं. दसरा-दिवाळी आली की पेपरात पानभर जाहिराती येतात. जुनं द्या, नवं न्या. एकावर एक फ्री. पाच नगांचा सेट, सोबत काचेचं झाकण. धनत्रयोदशीला भांडं घ्यायचं म्हणून आपण जातो, आणि घाईत सगळ्यात हलकं, सगळ्यात रंगीत, सगळ्यात स्वस्त उचलून आणतो. सहा महिन्यांत ते सोलतं. तुळशीबागेत जा, भुलेश्वरला जा, गावच्या आठवडी बाजारात घ्या, पण पाच मिनिटं द्या. त्या कढईतलं तुमची पोरं रोज खाणार आहेत.

हातात घ्या आणि वजन बघा. हलकी कढई लवकर तापते आणि एकाच जागी जास्त तापते. नेमकं तेच आपल्याला नको आहे. जाडी विचारा. अडीच-तीन मिलिमीटरच्या खाली जाऊ नका, आणि दुकानदार 'जाडच आहे हो' म्हणाला तर डब्यावर छापलेलं दाखवायला सांगा. काचेच्या काउंटरवर ठेवून कडेला बोटाने दाबा. डुगडुगली तर परत द्या, तळ सपाट नाही. आत तिरक्या उजेडात बघा: बुडबुडे, ठिपके, कुठे पातळ कुठे जाड थर दिसला तर दुसरी मागा. दांडा रिव्हेटचा आहे की स्क्रूचा? स्क्रूचा असेल तर तो ढिला होणार आणि एक दिवस गरम तेलासकट फिरणार, हे धरून चाला. तळ इंडक्शनचा हवा असेल तर फ्रिजवरचं लोहचुंबक खिशात घेऊन जा. चिकटलं तर खरं. चौघांच्या घराला २४ सेंटिमीटरची पुरते. आणि आयएसआयचं चिन्ह शोधा. २०२४ साली केंद्र सरकारने स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठी ते सक्तीचं केलं. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नसलेली कढई, कितीही चकचकीत असो, घरी आणू नका.

नावांना भुलू नका. 'ग्रॅनाइट', 'मार्बल', 'स्टोन' म्हणून जे विकतात, त्यात दगड शोधायला जाऊ नका. बहुतेकदा तेच टेफ्लॉन आणि वर ठिपक्यांची नक्षी असते. 'हार्ड ॲनोडाइज्ड' म्हणजे ॲल्युमिनियमचाच पृष्ठभाग विजेच्या प्रक्रियेने कठीण केलेला. ते चांगलं, टिकाऊ, पण ते म्हणजे नॉनस्टिक नव्हे. वर वेगळा थर आहे की नाही ते विचारा. 'सिरॅमिक' थर मात्र खरोखर वेगळा. त्यात टेफ्लॉन नसतं, आच तो जास्त सोसतो, पण त्याचा गुळगुळीतपणा लवकर जातो. विसरभोळ्या घराने सिरॅमिक घ्यावी, असं माझं मत.

आणि तो ठळक हिरवा शिक्का, 'पीएफओए-फ्री'. तो वाचून हुश्श करू नका. पीएफओए हे टेफ्लॉन बनवताना मदतीला वापरायचं रसायन. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळच्या कारखान्यातून ते पाण्यात गेलं, गुरांत गेलं, माणसांच्या रक्तात गेलं. रॉबर्ट बिलॉट नावाचा वकील त्यामागे वर्षानुवर्षं लागला. २०१७ साली कंपन्यांनी ६७ कोटी डॉलरहून जास्त देऊन हजारो दावे मिटवले. २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराखाली या रसायनावर जगभर बंदीचा निर्णय झाला, आणि २०२३ च्या शेवटी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसाला कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या गटात घातलं. तेव्हा चांगल्या कंपन्यांनी ते सोडलं, हे बरंच झालं. पण शिक्का एवढंच सांगतो की ते एक रसायन नाही. आच जास्त झाली तर काय होईल, हे तो सांगत नाही.

हे दूरचं वाटतं का? इटलीत व्हिचेन्झाजवळ मितेनी नावाचा कारखाना याच कुळातली रसायनं बनवायचा. भूजल नासलं, कारखाना २०१८ साली दिवाळखोरीत गेला, आणि जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने त्याच्या अधिकाऱ्यांना दोषी ठरवून तुरुंगवासाच्या शिक्षा दिल्या. त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावातून विकली गेली आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत आली. तिथे काय बनतं, सांडपाणी कुठे जातं, याची चौकशी कोकणातल्या माणसांनी जरूर करावी, आणि बाकीच्यांनी त्यांच्या मागे उभं राहावं. आपल्या हातात लगेच असलेली गोष्ट छोटी आहे. दर वर्षी नवी नॉनस्टिक घेऊ नका. एक चांगली घ्या, जपून वापरा, चार-पाच वर्षं चालवा.

आणि सगळं तिच्यातच करू नका! खरं तर मला सांगायचंय ते हेच. नॉनस्टिक ही घरातली दुसरी कढई आहे, पहिली नव्हे. धिरडी, घावन, ऑम्लेट, पनीर, कमी तुपातला शिरा, डॉक्टरांनी तेल तोडलेल्या आजोबांची भाजी, ही तिची कामं, आणि ती कामं ती झकास करते. पण चकल्या आणि शेव तळायला ती काढू नका. दाणे भाजायला नको, मसाल्याचं खोबरं-कांदा खरपूस करायला नको, भरली वांगी तळाला लागेपर्यंत मुरवायला नको. त्याला लोखंडी नाहीतर बिडाची कढई काढा. नसेल तर घ्या. ती नॉनस्टिकपेक्षा स्वस्त पडते आणि नातवंडांपर्यंत टिकते. नवी आणलीत की घासून धुवा, पुसून कोरडी करा, आतून बाहेरून तेलाचा हात फिरवा, खिडकी उघडून धूर येईस्तोवर तापवा, निववा. असं तीन-चारदा करा. मग तिच्यात कांदे-पोहेसुद्धा चिकटत नाहीत. आंबट तेवढं तिच्यात शिजवू नका, आणि भाजी झाली की लगेच काढून घ्या, नाहीतर काळी पडते.

आता एक नाजूक गोष्ट. थर उडालेली कढई आपण टाकत नाही. आपण ती देऊन टाकतो. धुणीभांडी करणाऱ्या मावशींना, वॉचमनच्या बायकोला, कॉट बेसिसवर राहणाऱ्या पुतण्याला. 'वापरेल बिचारी' म्हणतो आणि बरं वाटतं. तुम्ही भल्या मनाने देता, याबद्दल शंका नाही. पण थांबा. जे तुमच्या मुलांच्या पानात नको, ते त्यांच्या मुलांच्या पानात कसं चालेल? त्यांची खोली दहा बाय दहाची, खिडकी एक, तीही बंद, आणि कोपऱ्यातच शेगडी. आपल्या घरापेक्षा तिथे हवा कमी खेळते. द्यायचीच असेल तर या दिवाळीला त्यांना लोखंडी कढई द्या. जुनी नॉनस्टिक भंगारवाल्याला द्या, थर असलेली आहे म्हणून सांगा, आणि गच्चीवरच्या शेकोटीत किंवा कचऱ्याच्या ढिगात जळू देऊ नका.

एवढं वाचलंत, तर आणखी एक काम आज रात्रीच करा. गावाकडे आईबाबा दोघंच असतील, तर फोन लावा. तुम्हीच मागच्या वर्षी हौसेने नेऊन दिलेली नॉनस्टिक कढई त्यांच्याकडे असेल. बाबांना ऐकू कमी येतं, आई गॅस पेटवून देवघरात जाते, हे तुम्हाला माहीत आहे. रागावू नका. नीट सांगा: आई, ती कढई रिकामी ठेवायची नाही, तेल घातल्याशिवाय गॅस पेटवायचा नाही. आणि एखाद्या दिवशी विसरलीसच, तर आधी गॅस बंद कर. कढईला हात लावायचा नाही, पाणी ओतायचं नाही. खिडक्या-दारं उघडायची, दोघांनी अंगणात जाऊन बसायचं. अर्ध्या तासाने आत यायचं. रात्री ताप, खोकला, छातीत भरून आल्यासारखं वाटलं तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं आणि भांडं तापलं होतं हे त्यांना आठवणीने सांगायचं. ती म्हणेल, 'बरं बरं, कळलं.' तिच्याकडून एकदा परत म्हणवून घ्या.